गणपतीला भाड्याची गाडी घेताय? आधी विम्याचं बोलूया

सुरंगी (ठाणे)

मंडळी, नमस्कार. यंदा गौरी-गणपतीला आम्ही पाच जण रेल्वेने रत्नागिरीला उतरणार आणि तिथून गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणार. घर पावसच्या पुढे आहे. विसर्जन झालं की गणपतीपुळे, मग जयगड-तवसाळ फेरीबोटीने पलीकडे जाऊन हेदवी, वेळणेश्वर, गुहागर असा बेत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलं लहान, त्यामुळे एसटी आणि रिक्षा बदलत फिरणं जमणार नाही.

पर्याय दोन आहेत. एक, ॲपवरची सेल्फ ड्राइव्ह गाडी. तिथे भाड्याशिवाय डिपॉझिट, आणि वर 'डॅमेज प्रोटेक्शन' म्हणून तीन प्रकारचे प्लॅन दाखवतात. सगळ्यात महाग प्लॅन घेतला तर एकूण खर्च बराच वाढतो. दुसरा पर्याय, वाडीतल्या एका मुलाची गाडी. भाडं जवळजवळ निम्मं. "इन्शुरन्स फुल हा वैनी, काय घाबरू नको," असं तो म्हणतो.

पैसे वाचवायचे आहेत, पण भलत्या ठिकाणी वाचवून नंतर डोक्याला हात लावायची वेळ नको. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

चाकरमानी

वाडीतल्या मुलाची घ्या. ओळखीचा माणूस आहे, त्याच्या घरात चार पैसे जातील. ॲपवाले एक ओरखडा दिसला तरी डिपॉझिट धरून बसतात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सुरंगीताई, मी आयुष्यभर विम्याच्या दाव्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांचे सर्वे, म्हणजे नुकसानीची पाहणी, केले. आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल, पण नीट सांगतो.

सगळ्यात आधी नंबर प्लेट बघा. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे ड्रायव्हरसकट मिळणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेली गाडी. तुमच्या वाडीतल्या मुलाची पाटी पांढरी असणार, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

खाजगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक छोटा मजकूर असतो. ही गाडी भाड्याने देण्यासाठी, मालवाहतुकीसाठी, शर्यतीसाठी वापरता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. मुलगा 'फुल इन्शुरन्स' म्हणतो ते खोटं नाही. हप्ता भरलेला असेल, झिरो डेपही (सुट्या भागांच्या झिजेची वजावट न करणारं कव्हर) असेल. पण भाडं घेऊन गाडी दिली की त्या अटीचा भंग होतो आणि गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. शिवाय परवाना नसताना गाडी भाड्याने चालवणं हा मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १९२अ खाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. हे कलम 'जो चालवेल' त्यालाही लागतं, फक्त मालकाला नाही. सणाच्या दिवसांत गाडी अडकवून ठेवली तर सासूबाईंना घेऊन तुम्ही रस्त्यावर.

आता वाईटातलं वाईट. एखाद्याला धक्का लागला, माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. तिथे भरपाईला वरची मर्यादा नाही. अशा प्रकरणांत बऱ्याचदा असं होतं की विमा कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत. म्हणजे त्या पोराच्या घरावर, आंब्याच्या कलमांवर गदा येते. त्याचं भलं व्हावं असं वाटत असेल तर हे त्याला समजावून सांगा.

चाकरमानी

काका, म्हणजे मामाची गाडी घेऊन फिरायचंही नाही? गावाला आम्ही सगळे तेच करतो. पेट्रोल टाकतो आणि फिरतो.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मामाची गाडी खुशाल घ्या. विमा गाडीला असतो. मालकाच्या संमतीने, वैध लायसन असलेला कोणीही चालवत असेल तर पॉलिसी चालते. नात्यागोत्यात गाडी मागून घेतली, टाकी भरून दिली, याला कोणी भाडं म्हणत नाही. दिवसाचा दर ठरवून पैसे घेतले की ते भाडं.

मामाच्या गाडीला काही झालं आणि दावा केला तर मामाचा नो क्लेम बोनस जातो, तो मात्र लक्षात ठेवा. सलग दावा नसेल तर हप्त्यातली ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे किरकोळ पोचा असेल तर दावा न करता भाच्याने स्वतः दुरुस्त करून द्यावा, हेच बरं दिसतं आणि स्वस्तही पडतं.

आंबोलीघाट (सावंतवाडी)

माका एक गोष्ट खटकता. काकांचा कायद्याचा म्हणणा बरोबर आसा. पण काळी पाटी मिळवूची तर १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेत किमान ५० गाड्या लागतत. आमच्या हयच्या पोराकडे एक गाडी, ती पण हप्त्यावर. त्याने कायदेशीर धंदो करूचो तरी कसो? मोठ्या कंपनीक परवानो आणि गाववाल्याक दंड, ह्या बरोबर नाय.

मराठीत लिहितो, सगळ्यांना कळेल. ही अट बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत गावच्या माणसाला पैसे द्यायचेच असतील तर पिवळ्या पाटीची गाडी ड्रायव्हरसकट घ्या. सावंतवाडी, कुडाळ, रत्नागिरी, सगळीकडे एकेका गाडीचे मालक आहेत. परवाना आहे, विमा प्रवासी वाहनाचा आहे, आणि गाडीला लागलं तर ती जबाबदारी तुमची नाही. डिपॉझिट नाही, प्लॅन नाही. दिवसाचा दर, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आणि किलोमीटर मर्यादा आधी ठरवून घ्या. हिशोब केलात तर महागड्या प्लॅनसकट ॲपची गाडी आणि ही गाडी यांत फार अंतर उरत नाही. घाटात पाऊस लागला की आमच्याकडचा ड्रायव्हर असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते आंबोली उतरताना कळतं.

सुरंगी (ठाणे)

काका, आंबोलीघाट, खूप आभार. वाडीतल्या मुलाशी बोलते. पण ह्यांना स्वतः गाडी चालवायची हौस आहे, आणि पाच जणांत ड्रायव्हर सहावा झाला तर मोठी गाडी लागेल. त्यामुळे ॲपची काळ्या पाटीची गाडी गृहीत धरून विचारते. ते तीन प्लॅन म्हणजे तीन प्रकारचे विमे आहेत का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

गाडीचा विमा कंपनीने आधीच काढलेला असतो. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, कलम १४६. तुमच्या भाड्यात तो धरलेलाच आहे. ॲपवर जो प्लॅन विकतात तो तुमच्या आणि गाडी देणाऱ्या कंपनीच्या मधला करार असतो. 'गाडीला काही झालं तर आम्ही तुझ्याकडून अमुक रकमेपेक्षा जास्त घेणार नाही,' एवढंच तो सांगतो. स्वस्त प्लॅनमध्ये ती रक्कम मोठी, महाग प्लॅनमध्ये लहान.

म्हणून तीन गोष्टी वाचा: तुमच्या अंगावर जास्तीत जास्त किती येणार, कशाकशाने प्लॅन रद्द होतो, आणि गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली त्या दिवसांचं भाडं तुमच्याकडून घेणार का. या तिसऱ्या खर्चाकडे कोणी बघत नाही. पोचा चार हजारांचा आणि गाडी बंद राहिल्याचे दहा हजार, अशी बिलं निघतात.

हिशोब असा मांडा. समजा साध्या प्लॅनमध्ये तुमच्यावर १०,०००पर्यंत येऊ शकतात आणि महाग प्लॅनमध्ये २,०००पर्यंत. म्हणजे वाचणार जास्तीत जास्त ८,०००. महाग प्लॅन दिवसाला ६०० रुपये जास्त असेल आणि गाडी चार दिवस हवी असेल, तर २,४०० देऊन तुम्ही ८,००० वाचवायची सोय करताय. घाट, अरुंद वाटा, पाऊस असेल तर मी हे पैसे देईन. तीच गाडी दहा दिवस हवी असेल तर ६,००० देऊन ८,००० वाचवायचे, त्यात अर्थ नाही. मधला प्लॅन घ्या किंवा साधा घ्या आणि सावकाश चालवा. 'तुम्हाला कोणता प्लॅन परवडतो' असा विचार न करता, वरची दोन आकड्यांची वजाबाकी करा.

माडाखाली (गुहागर)

आमचं इथे घरगुती निवासाचं काम आहे, त्यामुळे भाड्याच्या गाड्या येताना-जाताना रोज बघते. काकांनी कागदाचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगते. कोकणात गाडीला नेमकं जे होतं तेच बऱ्याच प्लॅनमधून वगळलेलं असतं.

टायर, गाडीची खालची बाजू, काच, चावी आणि पाणी. तुमच्या करारात हे पाच शब्द शोधा. वाडीत शिरताना जांभ्याचे दगड वर आलेले असतात, उतार तीव्र असतो, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगडी कुंपण. गाडी भरलेली असली की ती आणखी खाली बसते आणि मडगार्डखालची पट्टी किंवा इंजिनाखालची पत्र्याची प्लेट दगडावर घासते. आवाज येतो, वर काहीच दिसत नाही, लोक विसरतात. परत देताना कंपनीचा माणूस वाकून बघतो.

गडग्याला आरसा लागणं हेही रोजचं. समोरून रिक्षा आली की पाहुणे घाईने डावीकडे घेतात. घाई करू नका. रिक्षावाला मागे घेईल, त्याला सवय आहे.

आणि ताई, हात जोडून सांगते, गाडी पुळणीवर नेऊ नका. ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसते. गाडी सरळ जाते तोवर जाते. वळवायला गेलं की पुढची चाकं कोरड्या वाळूत येतात आणि रुततात. मग लोक ॲक्सिलेटर दाबतात, चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा करत जातं, गाडी पोटावर बसते. तेवढ्यात पाणी वळलेलं असतं. ट्रॅक्टर येईपर्यंत दोर कुठे बांधायचा यावर गर्दी सल्ले देते, कोणी बंपरला बांधतं, बंपर हातात येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर भरती बघता बघता वर येते. पुळणीवर गाडी नेली हे दिसलं की प्लॅन रद्द, आणि बहुतेक गाड्यांत जीपीएस असतं. खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं की ती गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. वर पोलीस गुन्हाही नोंदवतात.

चाकरमानी

पुराच्या पाण्याचं काय? ते तर आपल्या हातात नाही. आणि दरड?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आपल्याकडच्या सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत पूर, वादळ, वीज, भूकंप, भूस्खलन आणि दरड कोसळणं हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. त्यामुळे उभ्या गाडीवर परशुराम घाटात दगड आला किंवा अंगणातल्या गाडीत पाणी शिरलं, तर गाडीमालक दावा करू शकतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काहीच नाही. म्हणून भाड्याची गाडी घेताना पॉलिसी 'पॅकेज' (म्हणजे सर्वसमावेशक) आहे की नुसती 'थर्ड पार्टी' हे विचारा.

पण पाण्यात एक बारकावा आहे आणि तो मी जीव तोडून सांगत आलोय. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पाण्यात उभी असलेली गाडी आणि पाण्यात असताना चालू करायचा प्रयत्न केलेली गाडी, यांत दाव्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंजिन हवा ओढतं आणि दाबतं. हवेऐवजी पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी उघडल्यावर वाकलेला रॉड दिसला की सर्वेयरला कळतं, ही पाण्यात स्टार्टर मारून फोडलेली आहे. पुराने गाडी बिघडली ते एक नुकसान, आणि नंतर स्टार्टर मारून इंजिन फुटलं ते दुसरं. दुसरं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं, आणि भाड्याच्या गाडीवर ते आहे असं धरून चालू नका.

म्हणून रस्त्यावरच्या मोरीवरून पाणी वाहताना गाडी घालू नका. घातली आणि बंद पडली, तर चावीला हात लावू नका. न्यूट्रलला टाका, ढकलून बाहेर काढा, फोटो काढा, कंपनीला फोन करा, आणि टो करून घ्या. दुसऱ्यांदा चावी फिरवायचा मोह आवरला तर काही हजारांत सुटाल. नाही आवरला तर लाखाच्या घरात जाईल.

टायरबद्दलही सांगतो. खड्ड्यात टायर फुटला आणि गाडीला दुसरं काहीच झालं नाही, तर साध्या पॉलिसीत टायरचे पैसे मिळत नाहीत. गाडीलाही त्याच वेळी नुकसान झालं तरच मिळतात, तेही निम्मे. त्यामुळे कंपनी टायर तुमच्या अंगावर घालते त्याला कारण आहे. मुंबई-गोवा हायवेवर काम चाललेल्या पट्ट्यात रात्रीचं चालवू नका, टायर वाचवायचा तोच उपाय.

माडाखाली (गुहागर)

काका, माडावरून नारळ पडला तर? आमच्या अंगणात पाहुण्यांच्या गाडीवर पडला होता, बॉनेट बसलं. त्यांनी भाड्याची म्हणून किती ताण घेतला.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बाहेरून अचानक झालेला आघात, तो अपघातच. पॅकेज पॉलिसीत दावा बसतो. पण ती भाड्याची गाडी असेल तर प्लॅनमध्ये ठरलेली रक्कम पाहुण्यांवर येतेच, चूक कोणाची हे तिथे कोणी विचारत नाही. तेव्हा माडाखाली गाडी लावायची नाही, हे पाहुण्यांना आल्या आल्या सांगत जा. झावळी पडूनही काच जाते.

परदेशस्थ (मूळचा देवरुखचा)

चर्चा वाचून राहवलं नाही. मी अमेरिकेत असतो, डिसेंबरात गावी येतोय. तिथून येणाऱ्यांनी तिथली गणितं इथे लावू नयेत म्हणून लिहितो.

अमेरिकेत काउंटरवर कोलिजन डॅमेज वेव्हर विकतात. तोही नावाने विमा वाटतो पण विमा नाही, इथल्या प्लॅनसारखाच करार आहे. तिथे तो बरेच जण नाकारतात, कारण स्वतःच्या गाडीची पॉलिसी बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीलाही लागू होते, आणि अनेक क्रेडिट कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असतं. कार्डाची अट अशी की पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरायचं आणि काउंटरवरचा वेव्हर नाकारायचा. वेव्हर घेतला की कार्डाचं संरक्षण लागू होत नाही. आणि कार्ड फक्त त्या गाडीचं नुकसान बघतं. दुसऱ्याला इजा झाली तर कार्ड काही देत नाही. त्यामुळे भारतातून मुलांकडे जाणारे आई-बाबा तिथे गाडी भाड्याने घेणार असतील तर त्यांनी वाढीव लायबिलिटी कव्हर (दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईचं) जरूर घ्यावं, कारण त्यांची स्वतःची तिथली पॉलिसी नसते. कायद्याने बंधनकारक रक्कम फार तोकडी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून ती वाढवली, तरी एका माणसाच्या इजेला ३०,००० डॉलरच आहे. तिथल्या हॉस्पिटलचं एक बिल त्याच्या पुढे जातं.

इथल्या कार्डांवर असं काही आहे का ते बँकेला लेखी विचारा. आणि लायसन बघा. नुसतं परदेशी लायसन दाखवून इथे भागत नाही, आंतरराष्ट्रीय परवाना सोबत लागतो. भारतीय लायसन संपलेलं असताना गाडी चालवली तर सगळे कागद वाया.

सुरंगी (ठाणे)

लायसनवरून आठवलं. बुकिंग ह्यांच्या नावावर आहे, पण गावी गेल्यावर दीर आणि पुतण्या दोघेही चालवतील. चालेल ना?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पॉलिसीला चालेल, कराराला चालणार नाही. भाड्याच्या करारात चालकाचं नाव असतं. नाव नसलेला माणूस चालवताना काही झालं तर तुमचा प्लॅन गेला. दिरांचं नाव आधीच घालून घ्या, बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे घेऊन घालतात. पुतण्याचं लायसन नवीन असेल तर कंपनीची वयाची अट बघा. आरतीनंतर 'जरा नाक्यावर जाऊन येतो' म्हणून कोणीही चावी उचलतं, तेवढ्यासाठी चावी घरात एकाच माणसाकडे ठेवा.

अजून एक, आणि हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. गाडीचं बोलतोय, माणसांचं कोणी बोलत नाही. मोटार पॉलिसीसोबत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. गाडी भाड्याने घेतलेला माणूस मालक नाही, त्याला तो मिळत नाही. चूक आपल्याच चालकाची असेल तर थर्ड पार्टीतूनही त्याला काही मिळत नाही. तेव्हा निघण्याआधी घरातल्या मोठ्यांचा प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा हप्ता चालू आहे ना, ते बँकेत बघा. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयापर्यंत, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. शक्य असेल त्याने वर स्वतःची अपघात पॉलिसी काढावी. महाग प्लॅनच्या चार दिवसांच्या पैशांत वर्षाची पॉलिसी निघू शकते.

सुरंगी (ठाणे)

हे खरंच डोक्यातच नव्हतं. आजच बघते. आता फेरीबोटीचं तेवढं सांगा. गाडी बोटीत असताना विमा असतो का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पॉलिसीच्या इंग्रजी मजकुरात रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, लिफ्ट आणि विमान यांतून गाडी नेताना होणारं नुकसान धरलेलं आहे. जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला या खाडीतल्या फेऱ्या. मी सर्वेयर म्हणून त्यांना अंतर्देशीय जलमार्गच मानेन. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मोकळ्या समुद्रातून जाते, तिथे लेखी विचारलेलं बरं. आणि पॉलिसीत बसलं तरी भाड्याच्या करारात बोटीला मनाई असू शकते. ॲपच्या चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

माडाखाली (गुहागर)

बोटीत गाडी चढवतानाची काळजी मी सांगते. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो, आणि भरलेल्या गाडीचा पुढचा बंपर तिथे घासतो. सासूबाईंना धरून बाकी सगळे आधी उतरा, गाडी हलकी करा, बोटीवरचा माणूस हात करतो तसं अगदी सावकाश घ्या. आत गेल्यावर हँडब्रेक आणि पहिला गिअर. शक्य असेल तर भरतीच्या आसपासची फेरी धरा.

आंबोलीघाट (सावंतवाडी)

गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढा असं सगळे सांगतात, पण कसा काढायचा ते कोणी सांगत नाही. एकच सलग व्हिडिओ हवा, तुकडे नकोत. सुरुवात नंबर प्लेटपासून. मग गाडीभोवती एक फेरी, कमरेच्या उंचीवर. मग दुसरी फेरी गुडघ्यावर बसून, बंपरच्या खालच्या कडा आणि चारही चाकांच्या रिमा. मोबाईलचा टॉर्च लावून हात गाडीखाली घालून पुढची बाजू. काचेवर तिरका प्रकाश पाडला की खड्याने उडालेला टवका दिसतो. शेवटी आत, किलोमीटर, इंधनाचा काटा, डिकीत स्टेपनी आणि जॅक. गाडी ओली असेल तर आधी फडक्याने पुसून घ्या, पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत. स्टेशनबाहेर पावसात ताबा देतात तेव्हा मुद्दाम छपराखाली घ्यायला लावा. व्हिडिओ तिथेच उभं राहून त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे वेळेचा पुरावा झाला. परत करताना हेच पुन्हा.

आणि गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. विमा कधीपर्यंत आहे, नोंदणी कोणत्या वर्गात आहे, दोन्ही दिसतं. ॲपवरून बुक केली म्हणजे काळी पाटीच येईल, असंही धरू नका. पांढरी आली तर घेऊ नका.

सुरंगी (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते लिहिते, पुढच्या कोणाला उपयोगी पडेल. घरी असतानाचे दिवस गाडीच घेत नाही, लागली तर रिक्षा. विसर्जनानंतर चार दिवसांपुरती काळ्या पाटीची गाडी, चारच दिवस असल्यामुळे महाग प्लॅन, दिरांचं नाव जोडून. बोटीबद्दल चॅटवर विचारलं. 'खाडीतल्या फेरीबोटीला हरकत नाही, पण चढवता-उतरवताना गाडीच्या खालच्या बाजूला लागलं तर ग्राहकाची जबाबदारी' असं उत्तर आलं. स्क्रीनशॉट ठेवलाय, आणि भरतीची वेळ बघूनच बोट धरणार. वाडीतल्या मुलालाही काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या मित्राची पिवळ्या पाटीची सात सीटची गाडी आहे, ती स्टेशनवरून घरी यायला त्याने ठरवून दिली.

चाकरमानी

छान झालं. एक शेवटचं. एवढं करूनही डिपॉझिटमधून पैसे कापले तर दाद कुठे मागायची? विमा लोकपालाकडे?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

लोकपाल विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी बघतो. हा प्लॅन विमा नाही, म्हणून तो रस्ता इथे चालणार नाही. आधी कंपनीकडे लेखी मागणी करा: नुकसानीचे तारीखवार फोटो, गॅरेजचं जीएसटी बिल, आणि त्याच नुकसानीसाठी त्यांनी विमा कंपनीकडे दावा केला आहे का. हा तिसरा प्रश्न जरूर विचारा. एकाच पोच्याचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ऑनलाइन करता येते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, त्यासाठी रत्नागिरीला खेटे घालावे लागत नाहीत. दोन्ही वेळचे व्हिडिओ तोवर मोबाईलमधून पुसू नका.